सुट्टी दोन राज्यांची, रजा एकाच घराची

मराठीत सुट्टी वेगळी आणि रजा वेगळी. सुट्टी मिळते, रजा मागावी लागते. बेंगळूर-म्हैसूरकडच्या कन्नडमध्ये मात्र दोन्हींना एकच शब्द आहे, ‘रजे’. सरकारने जाहीर केलेला दिवस रजे आणि साहेबांपुढे अर्ज ठेवून मिळवलेला दिवसही रजेच. आपल्याकडची कन्नड मुले ‘साळी सूटी ऐति’ म्हणत दप्तर उडवत घरी येतात, तेव्हा तिकडून लग्न होऊन आलेल्या सुनेला हा ‘सूटी’ शब्द सुरुवातीला गमतीचा वाटतो.

शब्दांची गंमत सोडली तरी सीमाभागातल्या घराला या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडावाच लागतो. सुट्ट्या दोन राज्ये देतात, आणि रजा मात्र प्रत्येकाच्या खात्यावर मोजकीच शिल्लक असते.

एक घर डोळ्यांपुढे आणा. आजी-आजोबा शहापुरात. थोरला मुलगा बेंगळुरात संगणकाच्या कंपनीत, त्याची बायको तुमकूरकडची. मुलगी लग्न होऊन पुण्यात, तिथेच नोकरी करते. धाकटा बेळगावातच बँकेत. घर कल्पनेतले आहे, पण शहापूर, वडगाव, टिळकवाडीत अशी घरे दाराला दार लागून सापडतील. या घरातल्या प्रत्येकाला वर्षाकाठी भरपूर सुट्ट्या असतात. तरीही तिन्ही भावंडे बायको-मुलांसह एका पंगतीला बसली असा दिवस आठवायचा म्हटला, तर आजीला बोटे मोजावी लागतात. थोरला येतो तेव्हा मुलगी येऊन गेलेली असते, मुलगी येते तेव्हा धाकट्याची बँक चालू असते.

याला माणसांचा आळस जबाबदार नाही. दोष आहे तो दोन याद्यांचा, आणि आपण त्या कधी शेजारी ठेवून पाहत नाही याचा.

दोन याद्या शेजारी ठेवल्या तर...

मकरसंक्रांतीचेच पाहा. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रात शासनाच्या सुट्ट्यांच्या यादीत संक्रांत नाही. ‘एळ्ळु बेल्ल’ वाटणाऱ्या कर्नाटकात ती आहे. उलट धुळवड, रामनवमी, बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती या महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्ट्या, तर कर्नाटकात त्या सर्वांसाठीच्या यादीत नसतात. कर्नाटक सर्वपित्री अमावास्येला सुट्टी देते, खंडेनवमीला म्हणजे आयुधपूजेला देते, वाल्मीकी जयंती आणि कनकदास जयंतीला देते. या दिवसांना पुण्याचे कार्यालय चालू. १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टीही कर्नाटकापुरतीच. त्या दिवशी बेळगावात काय काय होते ते वाचकांना सांगायला नको. इथे आपल्याला तो दिवस कॅलेंडरवरचा एक चौकोन एवढाच घ्यायचा आहे.

सर्वपित्रीची सुट्टी आपल्याला नकळत किती उपयोगी पडते! महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याला पितरांच्या दिवशी रजा टाकावी लागते किंवा भटजींना रविवार मागावा लागतो. इकडे त्या दिवशी बँकही बंद असते.

शिवजयंतीची तर वेगळीच कथा. महाराष्ट्र शासनाची सुट्टी १९ फेब्रुवारीला. बेळगावची परंपरेची शिवजयंती वैशाखात, आणि चित्ररथही त्याच सुमारास. पुण्यातल्या मुलीला फेब्रुवारीत सुट्टी मिळते तेव्हा गावात रस्ते रिकामे, आणि गाव जागे असते तेव्हा तिचे कार्यालय बहुधा चालू. पण इथेच एक धागा सापडतो. परंपरेची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला आणि बसव जयंती लगेच अक्षय तृतीयेला. बसव जयंती ही कर्नाटकाची सार्वजनिक सुट्टी. अक्षय तृतीया एप्रिलअखेरीस आली की १ मे जवळ येतो, आणि १ मे दोन्ही राज्यांत सुट्टी, तिकडे महाराष्ट्र दिन म्हणून, इकडे कामगार दिन म्हणून.

२०२५ साली हे सगळे अगदी जुळून आले होते. बुधवारी ३० एप्रिलला बसव जयंती, गुरुवारी १ मे. ज्यांना शनिवार-रविवार मोकळे त्यांनी शुक्रवारची एक रजा टाकली असती तर बेंगळूरकरांना सलग पाच दिवस, पुणेकरांना चार. प्रत्येकी एकच रजा, आणि चार दिवस सगळे घर बेळगावात. अशा घरासाठी त्या वर्षातला हा सर्वांत स्वस्त मुहूर्त होता. किती घरांच्या तो लक्षात आला, कोण जाणे. बहुतेकांचे डोळे दिवाळीवर असतात.

म्हणून कालनिर्णय भिंतीवर टांगण्याआधी एक संध्याकाळ द्यावी. कर्नाटक सरकारची आणि महाराष्ट्र शासनाची अशा दोन्ही याद्या वर्ष सुरू होण्याआधी जाहीर होतात. कर्नाटकाच्या सुट्ट्यांना एका रंगाची खूण, महाराष्ट्राच्या सुट्ट्यांना दुसऱ्या. जिथे दोन्ही खुणा एका चौकोनात पडतात, ते दिवस आपले. बाकीचे ज्याचे त्याचे. मात्र कंपनीत नोकरी करणाऱ्याने सरकारी यादीवर विसंबू नये. सरकारी यादीतली प्रत्येक सुट्टी खासगी नोकरीत मिळतेच असे नाही. कंपनीचे मनुष्यबळ खाते दरवर्षी आपली यादी काढते, तीच खरी.

तारखेच्या सुट्ट्या आणि तिथीच्या सुट्ट्या

तारखेने येणाऱ्या सुट्ट्या दरवर्षी एक वार पुढे सरकतात, लीप वर्षानंतर दोन. ३६५ दिवसांत बावन्न आठवडे बसून एक दिवस उरतो, त्याचा हा परिणाम. २०२६ हे वर्ष या बाबतीत उदार. २६ जानेवारी सोमवारी, १ मे शुक्रवारी, २ ऑक्टोबर शुक्रवारी, नाताळ शुक्रवारी. एकही रजा न टाकता तीन-तीन दिवसांचे चार मुक्काम. फक्त १५ ऑगस्ट शनिवारी आणि राज्योत्सव रविवारी, तेवढे गेले. २०२७ मात्र कंजूस. १ मे, २ ऑक्टोबर आणि नाताळ तिन्ही शनिवारी, १५ ऑगस्ट रविवारी. २६ जानेवारी मंगळवारी, म्हणजे सोमवारची रजा द्या तर चार दिवस. फायद्यात पडतो तो एकटा राज्योत्सव, तो सोमवारी येतो, पण तो कर्नाटकातल्यांनाच. हे आधी माहीत असले की २०२६ मधल्या रजा वाचवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात, अर्थात खात्यात पुढे ओढता येणाऱ्या असतील तर.

तिथीच्या सणांचे गणित वेगळे. ते दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम मागे ढकलले जातात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला. मराठी आणि कन्नड पंचांगे दोन्ही अमान्त, चैत्री पाडव्याला सुरू होणारी, त्यामुळे गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी. एवढे आपले नशीब चांगले. पंचांगे वेगळी असती तर या घरांनी काय केले असते!

सुट्टीचा वार कोणता, यावर रजेची किंमत ठरते. सोमवार-शुक्रवारची सुट्टी फुकटची. मंगळवार किंवा गुरुवारची सुट्टी एक रजा मागते आणि चार दिवस देते. बुधवार सगळ्यांत वाईट, दोन रजा घेतल्याशिवाय तो कुठल्याच टोकाला जोडला जात नाही. २०२५ ची गणेश चतुर्थी नेमकी बुधवारी होती. आणि हा सण तर दोनभाषी घराची खरी परीक्षा पाहणारा.

गौर आधी की नंतर?

जुन्या म्हैसूर भागात गौरी येते ती गणपतीच्या आदल्या दिवशी. स्वर्णगौरीचे व्रत भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे आपल्याकडे हरतालिका असते त्या दिवशी. लग्न झालेल्या मुलीला माहेरहून बागिन येते. सुपात हळद-कुंकू, बांगड्या, डाळ-तांदूळ, खण, नारळ. सणाला मुलीने माहेरी यावे, निदान तिला बागिन पोहोचावे, ही तिकडच्या आईची आस. आपल्या घरांत गौरी येतात त्या गणपतीनंतर. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. आणि आपण गौरीलाच माहेरवाशीण मानतो.

आता २०२५ चे दिवस पाहा. स्वर्णगौरी मंगळवारी २६ ऑगस्टला, गणपती बुधवारी, गौरी आवाहन रविवारी ३१ ऑगस्टला, पूजन सोमवारी, विसर्जन मंगळवारी. सार्वजनिक सुट्टी फक्त बुधवारची. तुमकूरच्या माहेरी मंगळवार, बेळगावच्या सासरी सोमवार-मंगळवार, मध्ये साडेचारशे-पाचशे किलोमीटरचा रस्ता आणि बेंगळूरची नोकरी. दोन्ही गौरी साधायच्या तर सुनेच्या चार-पाच रजा एका आठवड्यात संपणार. बहुतेक घरांत मग काय होते? माहेरच्या गौरीवर पाणी सोडले जाते, तेही न बोलता. सून गप्प राहते आणि आपल्याला वाटते, तिला काही वाटत नाही.

माझ्या मते ही वाटणी सणाच्या आठवड्यात होऊ नये, ती जानेवारीत व्हावी. आणि ती दिवसांची न होता सणांची व्हावी. जुन्या म्हैसूर भागात भाऊबीजेला आपल्याइतके महत्त्व नाही. मग एक वर्ष गौरी-गणपती तिच्या माहेरी आणि दिवाळी पूर्ण बेळगावात, असे का नाही? युगादीला तिकडे सणाचा दुसरा दिवस ‘होसतोडकु’ म्हणून पाळणारी घरे आहेत, तिथे तो दिवसही मोलाचा. ज्या वर्षी पाडवा गुरुवारी येतो, जसा २०२६ मध्ये १९ मार्चला आला, त्या वर्षी शुक्रवारची एकच रजा घेऊन तो माहेरी साजरा होऊ शकतो. आपली गुढी सासू-सासरे उभारतातच. सुनेला बेळगावच्या गौरीपुढे बसवायचे असेल तर वार पाहून वर्ष निवडावे, कारण नक्षत्र काही आपल्या रजेकडे पाहून येत नाही.

कर्नाटकाच्या ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत स्वर्णगौरी व्रत असते, ही गोष्ट सरकारी नोकरीतल्या सुनांनी विसरू नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही अशा यादीतून दोन दिवस निवडता येतात. अनेकजण ते डिसेंबरपर्यंत पडू देतात आणि मग घाईने काहीतरी घेतात.

दिवाळीचा मधला सोमवार

दिवाळीत दोन राज्यांचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. कर्नाटक नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदेची सुट्टी देते, महाराष्ट्र लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदेची. २०२५ मध्ये बेंगळूरला सोमवारी २० आणि बुधवारी २२ ऑक्टोबरला सुट्टी होती, पुण्याला मंगळवारी २१ आणि बुधवारी २२ ला. थोरल्याला मंगळवारची रजा लागली, मुलीला सोमवारची. भाऊबीज गुरुवारी. महाराष्ट्रात ती शासकीय कर्मचाऱ्यांना मिळते, कर्नाटकात नाही. बहीण पुण्याहून ओवाळायला यायची आणि धाकटा भाऊ बँकेच्या काउंटरवर, असे बेळगावात हमखास घडते. मग ओवाळणी रात्री नऊला.

२०२६ ची दिवाळी पाहा. लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला, नरकचतुर्दशीचे अभ्यंगही त्याच पहाटे. म्हणजे दोन्ही राज्यांची पहिली सुट्टी रविवारी पडून वाया. बलिप्रतिपदा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. मध्ये सोमवार ९ रिकामा. सोमवार आणि बुधवार अशा दोन रजा टाकल्या की शनिवारपासून पाच दिवस. इथे एक खाच आहे. ७ नोव्हेंबर हा महिन्याचा पहिला शनिवार. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा असतो, कर्नाटक सरकारच्या कार्यालयांनाही तेच दोन शनिवार. तेव्हा बेळगावातल्या धाकट्याला तो शनिवार कामाचा. महाराष्ट्र शासनात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तिथल्यांना तो मोकळा. उलट त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीच्या सोमवारआधीचा १२ सप्टेंबर हा दुसरा शनिवार. तिथे बँकवाल्यालाही सलग तीन दिवस, एकही रजा न देता. शनिवार पहिला की दुसरा, एवढ्यावर सगळा खेळ फिरतो.

रजेचे नियम थोडक्यात, पण आपल्या खात्यात विचारूनच. सरकारी नोकरीत किरकोळ रजेच्या मध्ये आलेला रविवार किंवा सुट्टी सहसा रजेत धरली जात नाही. अर्जित रजेत मात्र मधले दिवस धरले जातात. आधीच्या आणि नंतरच्या सुट्ट्या जोडून घेण्याची परवानगी अर्जातच मागावी लागते. म्हणून सुट्ट्यांच्या मधला एखाददुसरा दिवस भरून काढायला किरकोळ रजा वापरावी, सलग पंधरा दिवसांसाठी अर्जित. काही खासगी कंपन्यांत शुक्रवार आणि सोमवार अशी रजा घेतली तर मधला शनिवार-रविवारही कापतात, त्याला तिथे ‘सँडविच’ म्हणतात. नोकरी लागताना मिळालेल्या कागदांत हे कुठेतरी बारीक अक्षरात असते. कारखान्यातल्या कामगारांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत एक बदल आहे. पगारी रजेसाठी पूर्वी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे, ती अट १८० दिवसांवर आली. वीस दिवसांच्या कामाला एक दिवस रजा हे प्रमाण तेच.

आणि सगळ्या रजा सणांत उडवू नयेत. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, तिथे चार-पाच दिवस कॅलेंडरवर न लिहिता बाजूला ठेवावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, पडणे, दवाखाना, हे कुठल्याही यादीत नसते. तिघा भावंडांनी मिळून ठरवले तर प्रत्येकाने थोडे राखले तरी पुरते. तसे न ठरवल्यास वेळ येते तेव्हा रजा शिल्लक असलेला एकच निघतो, आणि दरवेळी तोच निघतो. यावरून भावंडांत जे मन कलुषित होते ते सणाच्या फराळाने निवळत नाही.

तिकीट गणपतीआधी

रजा मंजूर झाली की काम संपले असे नाही. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. शुक्रवारी ६ नोव्हेंबर २०२६ च्या रात्री बेंगळूरहून निघायचे, तर आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडते. म्हणजे गणपती बसायच्या आधी आठवडाभर दिवाळीचे तिकीट. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या बर्थ या दिवसांत पाहता पाहता संपतात. आरक्षण उघडते त्या सुरुवातीच्या वेळेसाठी खाते आधारशी जोडलेले लागते, हा नियम ऑक्टोबर २०२५ पासूनचा. ते काम आदल्या आठवड्यातच उरकावे. १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेली बेंगळूर-बेळगाव वंदे भारत सोयीची, पण ती बेंगळूरहून दुपारी सुटते. शुक्रवारी तिने यायचे तर अर्ध्या दिवसाची रजा आधी धरावी. हे लक्षात न घेता तिकीट काढणारे नंतर खासगी बसचे भाडे विचारत फिरतात, आणि सणाच्या आदल्या रात्रीचे ते भाडे ऐकून घरी फोन जातो, ‘पुढच्या वेळी येतो.’

महिलांचा बसचा हिशेबही सीमेवर बदलतो. कर्नाटकाची शक्ती योजना जून २०२३ मध्ये सुरू झाली, ती राज्याच्या हद्दीतल्या प्रवासापुरती. महाराष्ट्र एसटीत महिलांना अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून, तेही तिकडच्या हद्दीपुरते. पुण्याहून येणाऱ्या मुलीला निपाणीच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळा भाव.

मुलांच्या शाळा हा याहून अवघड भाग. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्याची सुट्टी इकडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मेअखेरीस संपत येते; तिकडे ती मेच्या आरंभी लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. मामेभाऊ-आतेभाऊ एकत्र खेळू शकतील असे दिवस म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे. आंबा असतो, पाऊस नसतो. मोठ्या माणसांनी अर्जित रजेचा आठवडा ठेवायचाच असेल तर तो इथे ठेवावा. सण नाही म्हणून गाड्यांना दिवाळीइतकी झुंबड नसते, आणि स्वयंपाकघरातल्या बाईलाही चार घटका बसता येते.

राहता राहिले आजी-आजोबा. त्यांना रजेचा अर्ज करावा लागत नाही, पण हिशेबात त्यांना कोणी धरतच नाही. सगळ्यांनी बेळगावात यायचे, हाच आपला नियम. २०२४ च्या सप्टेंबरपासून हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावावरून जाते. एखाद्या वर्षी भाऊबीजेला त्या दोघांनी पुण्याला जावे, बेंगळूरच्यांनीही तिथेच यावे. अडचण एवढीच की आजीचा पाय घरातून निघत नाही. देवाला दिवा कोण लावणार, तुळशीला पाणी कोण घालणार, दूधवाल्याला कोण सांगणार? त्यासाठी शेजारच्या काकूंना दोन दिवस आधी किल्ली देऊन ठेवावी, आणि परत येताना त्यांच्यासाठी पुण्याची बाकरवडी आणायला विसरू नये.